वय वाढलं की लिव्हरचं काय होतं? पेशी तरुण राहतात, रक्ताचा ओघ मात्र मंदावतो

घरात सगळ्यात जास्त गोळ्या कोण घेतं? बहुतेक घरांत उत्तर एकच: आजी-आजोबा. आणि त्या गोळ्यांची माहिती फोनवर कोण शोधतं? तुम्ही. लॅबचा रिपोर्टसुद्धा हल्ली तुमच्याच व्हॉट्सॲपवर येतो. तुम्ही पीडीएफ उघडता, लाल अक्षरात काही दिसत नाही, आणि सांगून टाकता, "आजोबा, लिव्हर एकदम ओके आहे."

हे अर्धं बरोबर आहे. यकृताला, म्हणजे लिव्हरला इजा झालेली नाही, एवढं तो रिपोर्ट बऱ्यापैकी सांगतो. पण ७५ वर्षांचं यकृत २५ वर्षांच्या यकृताइतकं काम उरकतं का, हे त्यात दिसत नाही. कारण वयानुसार जो मोठा बदल होतो तो यकृतातून वाहणाऱ्या रक्ताच्या ओघात होतो, आणि तो ओघ साध्या रक्ततपासणीत मोजलाच जात नाही.

हा ओघ कमी का होतो, तो मोजायचा कसा, फोनवरची कॅल्क्युलेटर इथे कुठे गंडतात आणि घरातल्या गोळ्यांशी याचा काय संबंध आहे, ते बघूया.

थोडक्यात

- निरोगी माणसातही तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत यकृताचा आकार साधारण पाव ते एक तृतीयांश आणि रक्ताचा ओघ साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त कमी होतो.
- हा आजार नाही. म्हणूनच एलएफटीचा रिपोर्ट नॉर्मल येतो.
- काही औषधं शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात हे या ओघावर ठरतं. त्यामुळे तुमचा डोस आजोबांना जास्त होऊ शकतो.
- स्मार्टवॉच किंवा फोनचा कॅमेरा हा ओघ मोजू शकत नाही.
- कावीळ, पोटात पाणी होणं, भ्रम होणं ही "वयाची लक्षणं" नाहीत. लगेच डॉक्टर गाठा.

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं

मोठ्या माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. शरीराच्या वजनाच्या मानाने ते जेमतेम २ टक्के भरतं. पण आराम करत असताना हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्यातलं सुमारे पाव रक्त यकृतातून जातं. म्हणजे मिनिटाला जवळपास दीड लिटर. पाण्याची दीड लिटरची बाटली दर मिनिटाला रिकामी होतेय, असं समजा.

हे रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येतं. ही शीर आतडी, जठर, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडचं रक्त गोळा करून आणते. या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, पण तुम्ही जे खाल्लं-प्यायलं, जी गोळी घेतली, ते सगळं त्यात विरघळलेलं असतं. उरलेलं पाव रक्त यकृताच्या धमनीतून थेट हृदयाकडून येतं आणि त्यात ऑक्सिजन भरपूर असतो. पोर्टल शिरेचा ओघ घटला की धमनी थोडी सैल होऊन जास्त रक्त सोडते. म्हणजे बॅकअपची सोय आहे, पण ती सगळी तूट भरून काढत नाही.

दोन्ही वाटांचं रक्त पुढे सायनुसॉइड नावाच्या अतिसूक्ष्म नळ्यांत मिसळतं. या नळ्यांच्या भिंती साध्या केशवाहिन्यांसारख्या बंद नसतात. त्यांना चाळणीसारखी छिद्रं असतात. एकेक छिद्र साधारण १०० नॅनोमीटरचं, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सातशे-आठशेवा भाग. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीसुद्धा यापेक्षा मोठी असते, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातून ही छिद्रं दिसतच नाहीत. १९७० मध्ये एडी विस या संशोधकाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ती नीट दाखवून दिली. रक्तातली औषधं, चरबीचे बारीक कण, प्रथिनं याच छिद्रांतून यकृताच्या पेशींपर्यंत पोहोचतात.

वयानुसार नेमकं काय बदलतं?

पहिला बदल आकाराचा. यकृत हळूहळू लहान होत जातं. पेशींमध्ये लिपोफस्किन नावाचं तपकिरी रंगद्रव्य साठतं. हा पेशीतला न पचलेला, न निघणारा कचरा. त्यामुळे वयस्कर यकृत थोडं जास्त तपकिरी दिसतं.

दुसरा बदल ओघाचा, आणि आपल्या विषयात हाच सगळ्यात महत्त्वाचा. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी २४ ते ९१ वर्षं वयाच्या ६५ निरोगी माणसांच्या यकृताचा आकार आणि रक्ताचा ओघ मोजला. वयाबरोबर दोन्ही घटत जातात, असं दिसलं. शिवाय दर किलो यकृतामागे मिळणारं रक्तही कमी झालेलं होतं. म्हणजे कारखाना लहान झाला आणि उरलेल्या कारखान्याला मिळणारा मालही आटला. हे सगळे लोक निरोगी होते, ही गोष्ट विसरू नका.

तिसरा बदल त्या चाळणीचा. वय वाढतं तशी सायनुसॉइडची भिंत जाड होते आणि छिद्रांची संख्या घटते. उंदरांपासून माणसांपर्यंत हा बदल दिसला आहे. परिणाम साधा आहे. रक्त पेशीच्या दारापर्यंत येतं, पण आत जाणाऱ्या खिडक्या कमी झालेल्या असतात. जेवणानंतर रक्तात येणारे चरबीचे कण या खिडक्यांतून आत जाऊन यकृतात जिरतात. खिडक्या कमी झाल्या की ते रक्तात जास्त वेळ फिरत राहतात. सावजी रस्स्यावरची तर्री तुम्ही आणि आजोबा दोघांनीही सारखीच ओरपली, तरी तिचा हिशोब दोघांच्या रक्तात सारख्या वेळात मिटत नाही.

पण यकृत स्वतःला नवं करतं ना?

करतं. आणि इथेच या विषयातली सगळ्यात गमतीची गोष्ट आहे.

१९५० आणि ६० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत झाल्या. त्यामुळे वातावरणात कार्बन-१४ वाढला आणि १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू कमी होत गेला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या काळच्या हवेतला कार्बन बसतो. म्हणजे प्रत्येक पेशीवर तिच्या जन्मसालाचा शिक्काच बसतो म्हणा ना! २०२२ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या संशोधकांनी हा शिक्का वाचला. मृत्यूच्या वेळी २० ते ८४ वर्षांची असलेली माणसं त्यांनी अभ्यासली. कोणत्याही वयाच्या माणसाचं यकृत सरासरी ३ वर्षांहून कमी वयाचंच असतं, असं त्यांना आढळलं. काही पेशी १० वर्षांपर्यंत टिकतात, पण बहुतेक सतत बदलत असतात.

मग म्हातारं काय होतं? नळ. पेशी नव्या येतात, पण रक्ताच्या वाहिन्या, त्यांच्या भिंती आणि चाळणी जुनी होत जाते. शिवाय इजा झाल्यावर भरून येण्याचा वेगही वयानुसार मंदावतो. तरीही हा अवयव चिवट आहे. म्हणून तर सत्तरी ओलांडलेल्या मृत दात्यांची यकृतंसुद्धा प्रत्यारोपणासाठी वापरली जातात आणि पुढे चांगली चालतात.

गोळ्यांशी संबंध काय? खापरखेड्याच्या केंद्रातून समजून घ्या

नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात खापरखेड्याला महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॅटचे ४ संच आणि ५०० मेगावॅटचा १, मिळून १,३४० मेगावॅट. अशा केंद्रात कोळसा पट्ट्यावरून, म्हणजे कन्व्हेयर बेल्टवरून बंकरमध्ये येतो, मिलमध्ये त्याची भुकटी होते आणि ती बॉयलरमध्ये जळते.

आता दोन परिस्थिती धरा.

पहिली: बॉयलर एकदम दणकट आहे, येईल तेवढा कोळसा लगेच जाळतो. अशा वेळी दिवसाला किती कोळसा जळणार हे पट्ट्याच्या वेगावर ठरतं. पट्टा मंद झाला की जळण कमी, बॉयलरमध्ये काही बिघाड नसला तरी.

दुसरी: कोळसाच असा आहे की तो हळूहळू जळतो. पट्टा कितीही पळवला तरी बॉयलर त्याच्याच गतीने चालणार. इथे पट्ट्याच्या वेगाने फारसा फरक पडत नाही.

औषधांचंही असंच आहे. काही औषधं यकृत जवळपास एका फेरीतच रक्तातून उचलून घेतं. प्रोप्रानोलॉल, मॉर्फीन, लिग्नोकेन ही त्यातली नावं. यांचा निचरा मुख्यतः ओघावर, म्हणजे पट्ट्याच्या वेगावर ठरतो. समजा एखादं औषध रक्तातून ९० टक्के उचललं जातं. मिनिटाला १.५ लिटर ओघ असेल तर मिनिटाला १.३५ लिटर रक्त त्या औषधापासून साफ होतं. ओघ १ लिटरवर आला की ०.९ लिटरच साफ होतं. औषध तेच, पेशी तशाच, पण काम एक तृतीयांशाने घटलं.

तोंडाने घेतलेल्या गोळीला आणखी एक पायरी असते. गोळी आतड्यात विरघळली की औषध आधी पोर्टल शिरेतून यकृतात जातं आणि तिथेच त्याचा मोठा भाग कापला जातो. उरलेलंच शरीरभर पोहोचतं. डॉक्टर डोस ठरवताना ही कपात धरूनच चालतात. म्हातारपणी कपात कमी झाली की तीच गोळी रक्तात जास्त पातळी गाठते. प्रोप्रानोलॉलच्या बाबतीत हे वृद्धांमध्ये मोजून दाखवलं गेलं आहे. म्हणूनच वृद्धांना अशी औषधं देताना डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात.

काही औषधांत ओघाचा भाग लहान असतो, पण वयाचा परिणाम वेगळ्या वाटेने येतो. डायझेपाम या झोप आणणाऱ्या, चिंता कमी करणाऱ्या औषधाचं उदाहरण घ्या. रक्तातली त्याची पातळी निम्मी व्हायला २० व्या वर्षी सुमारे २० तास लागतात, ८० व्या वर्षी सुमारे ९० तास. याचं मुख्य कारण म्हणजे वयानुसार शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं आणि औषध तिथे दडून राहतं. परिणाम तोच. रात्री घेतलेली गोळी तिसऱ्या दिवशीही अंगात असते आणि माणूस बाथरूमला जाताना पडतो.

तुम्ही म्हणाल, मग पॅरासिटामॉल? धडधाकट वृद्धांमध्ये यकृत ते बऱ्यापैकी नीट हाताळतं. पण वजन खूप कमी असलेले, नीट जेवण न जाणारे, अशक्त वृद्ध वेगळे. त्यांच्यात निचरा घटतो, त्यामुळे डॉक्टर डोस कमी ठेवतात.

ओघ मोजायचा कसा?

यकृताचा ओघ मोजणं सोपं नाही. ते पोटात खोल आहे आणि रक्त दोन वाटांनी येतं. माणसात तो पहिल्यांदा नीट मोजला गेला १९४५ मध्ये. अमेरिकी डॉक्टरांनी यकृताच्या शिरेत नळी घालून, रंगद्रव्य वापरून तो काढला. आज तीन पद्धती माहीत असाव्यात.

*१. हिरवा रंग आणि बोटाला चिमटा*

इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून देतात. हा रंग जवळजवळ फक्त यकृतच रक्तातून काढतं आणि पित्तात टाकतं. मग बोटाला लावलेल्या चिमट्यातून प्रकाश सोडून रंग किती वेगाने कमी होतोय ते मोजतात. यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी ही चाचणी विशेष कामाची.

बोटाचा चिमटा म्हटल्यावर काय आठवलं? कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर! नातं खरंच जवळचं आहे. जपानी अभियंते ताकुओ आओयागी १९७० च्या दशकात याच प्रकारचा रंग वापरून हृदयातून किती रक्त बाहेर पडतं ते मोजायच्या मागे होते. नाडीचे ठोके त्यांच्या मापनात सारखे अडथळा आणत होते. हा अडथळा काढायच्या नादात त्यांच्या लक्षात आलं की त्या ठोक्यांतूनच रक्तातला ऑक्सिजन मोजता येईल. त्यातून पल्स ऑक्सिमीटर जन्माला आला. तुमच्या घड्याळातला ऑक्सिजनचा आकडा त्याच कल्पनेचा वारस आहे.

*२. डॉपलर सोनोग्राफी*

कोळशाची मालगाडी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. हाच डॉपलर परिणाम. १८४२ मध्ये ख्रिस्तियन डॉपलर यांनी तो मांडला. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पाठवतात. वाहत्या रक्तपेशींवर आदळून परत येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्यावरून वेग कळतो.

गणित बघा. पोर्टल शिरेचा व्यास १.१ सेंटीमीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ०.९५ चौरस सेंटीमीटर. रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला १८ सेंटीमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला १७ मिलिलिटर, मिनिटाला जवळपास १ लिटर. आता व्यास मोजताना फक्त १ मिलिमीटर चुकला आणि १.२ धरला, तर उत्तर १.२ लिटर येतं. एवढ्याशा चुकीने जवळपास २० टक्के फरक! म्हणून डॉक्टर या एका आकड्यावर गोळीचा डोस ठरवत नाहीत. ही तपासणी रक्त उलटं वाहतंय का, गाठ अडकलीय का, दाब वाढलाय का, हे बघायला जास्त उपयोगी.

"उपाशीपोटी या" असं का सांगतात? जेवणानंतर पोर्टल शिरेचा ओघ वाढतो आणि आतड्यातल्या गॅसमुळे चित्रही नीट दिसत नाही.

*३. फायब्रोस्कॅन: हा ओघ नाही, कडकपणा मोजतो*

नाव ऐकून गोंधळ होतो. यात उजव्या बरगड्यांच्या फटीत प्रोब ठेवून ५० हर्ट्झचा हलकासा धक्का देतात आणि ती लहर यकृतातून किती वेगाने जाते ते बघतात. यकृत जितकं कडक तितकी लहर वेगवान. वेग सेकंदाला १.३ मीटर असेल तर कडकपणा साधारण ५ किलोपास्कल येतो आणि २ मीटर असेल तर १२. कडकपणा म्हणजे व्रणासारखी ऊती तयार झाली असण्याची खूण. ते आजाराचं लक्षण आहे, नुसत्या वयाचं नाही.

एलएफटी नॉर्मल का येते?

एलएफटीमध्ये एएसटी आणि एएलटी ही एन्झाइम असतात. पेशी फुटल्या की ती रक्तात सांडतात. म्हणजे ती नुकसानीची खूण आहे. ओघ मंदावला म्हणून पेशी फुटत नाहीत, त्यामुळे हे आकडे वाढत नाहीत. बिलिरुबिनही नॉर्मल राहतं. अल्ब्युमिन वयानुसार किंचित उतरतं, पण निरोगी माणसात फार नाही.

केंद्राच्या भाषेत सांगायचं तर एलएफटी म्हणजे बॉयलर कुठे फुटलाय का, हे बघणारा अलार्म. पट्टा किती वेगाने फिरतोय ते तो सांगत नाही.

फोनवरचं कॅल्क्युलेटर: फिब-४ आणि वयाचा सापळा

नेटवर फिब-४ नावाचं कॅल्क्युलेटर सहज मिळतं. यकृतात व्रण तयार झाले असण्याची शक्यता किती, याचा तो अंदाज देतो. सूत्र असं:

वय × एएसटी ÷ (प्लेटलेट × एएलटीचं वर्गमूळ)

प्लेटलेट हजारांत धरायचे. म्हणजे २ लाख असतील तर २०० लिहायचे. आता एकच रिपोर्ट घ्या: एएसटी ३०, एएलटी ३०, प्लेटलेट २ लाख. बदलायचं फक्त वय.

- वय ३०: उत्तर ०.८२
- वय ५०: उत्तर १.३७
- वय ७०: उत्तर १.९२

१.३ च्या खाली आलं तर सहसा निश्चिंत राहा आणि २.६७ च्या वर गेलं तर पुढच्या तपासण्या करा, असा साधारण नियम. या हिशोबाने ७० वर्षांचे आजोबा मधल्या संशयाच्या पट्ट्यात जातात, रक्ताचा रिपोर्ट तुमच्यासारखाच असूनही! म्हणून ६५ च्या वरच्या लोकांसाठी खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. बरीच साधी कॅल्क्युलेटर हे सांगत नाहीत. लाल रंग दाखवतात आणि घरभर घाबरगुंडी उडते. उलट ३५ च्या आतल्यांमध्ये हे सूत्र भरवशाचं नाही. म्हणजे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःसाठी ते वापरूच नये.

उन्हाळ्यात काय होतं?

यकृताचा ओघ दिवसभर सारखा नसतो. आडवं झालं की वाढतो, उभं राहिलं की घटतो, जेवणानंतर वाढतो, जोराच्या कामात घटतो. आणि उष्णतेतही घटतो. शरीर थंड ठेवायला त्वचेकडे रक्त जास्त पाठवावं लागतं. ते कुठून आणणार? आतडी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या वाट्यातून.

नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. आधीच कमी ओघ, त्यात घाम, त्यात "तहान लागत नाही" म्हणून पाणी कमी. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. त्यात बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर चक्कर, अशक्तपणा लवकर येतो. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पण उन्हाळ्याआधी एकदा डॉक्टरांना "डोस बघायचा का?" असं विचारायला काहीच हरकत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

- गोळ्यांची यादी फोनमध्ये ठेवा. प्रत्येक पाकिटाचा फोटो, डोस, वेळ. मेडिकल, मेयो किंवा गावातल्या दवाखान्यात नेताना हीच यादी दाखवा. "ती पांढरी गोल गोळी" एवढ्यावर डॉक्टर काय करणार?
- घटक वाचा, ब्रँड नाही. सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि अंगदुखीची गोळी, तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. तिन्ही एकत्र घेतल्या की नकळत तिप्पट डोस.
- स्वतःची गोळी त्यांना देऊ नका, विशेषतः झोपेची, चिंतेची, तीव्र वेदनेची.
- जुने रिपोर्ट सांभाळा. आभा खात्यात किंवा साध्या फोल्डरमध्ये तारखेनुसार ठेवा. एका आकड्यापेक्षा ४ वर्षांत तो कसा सरकला, यातून जास्त कळतं.
- काढा, चूर्ण, "इम्युनिटी" गोळ्याही यादीत लिहा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी आजी काय घेतेय, हे तिच्या डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.
- ही लक्षणं दिसली तर थांबू नका: डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बोलणं. "वय झालं, होतंच" असं म्हणायची ही जागा नाही.

नेहमीचे प्रश्न

*स्मार्टवॉच लिव्हरचा ओघ दाखवेल का?* नाही. घड्याळाचा हिरवा प्रकाश त्वचेत एक-दोन मिलिमीटरच जातो. यकृत बरगड्यांच्या आड आहे. कुठलं ॲप तसा दावा करत असेल तर काढून टाका.

*"लिव्हर डिटॉक्स" पेयाने ओघ वाढतो का?* वयानुसार कमी झालेला ओघ परत आणणारं असं कुठलंही पेय नाही. शरीराची सफाई यकृत स्वतःच करतं.

*म्हातारपणी फॅटी लिव्हर होणारच का?* नाही. त्यामागे बहुतेकदा वजन, मधुमेह, दारू अशी कारणं असतात. ती तरुणपणीही असतात. चालणं, वजन आटोक्यात ठेवणं यांनी यकृतातली चरबी खरोखर कमी होते.

*दारू म्हातारपणी जास्त का चढते?* मुख्य कारण शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. तेवढीच दारू कमी पाण्यात मिसळते, म्हणून रक्तातली पातळी जास्त चढते.

*मग दरवर्षी डॉपलर करून घ्यायची का?* काही त्रास नसेल तर गरज नाही. वयानुसार ओघ कमी झालेला आहे हे गृहीतच धरायचं असतं. डॉक्टर तसंच धरून डोस लिहितात. तुमचं काम एवढंच की त्यांना रुग्णाचं खरं वय, खरं वजन आणि सगळ्या गोळ्यांची पूर्ण यादी मिळाली पाहिजे. पुढच्या वेळी रिपोर्टचा पीडीएफ उघडाल तेव्हा त्याच्या शेजारी ही यादीही उघडा.